म्हाळू कोष्ट्याची बैठक

वारणेच्या काठी चिंचवळे नावाचे एक लहानसे गाव आहे. गावाबाहेर, नदी जिथे वळण घेते तिथे वडाच्या दाट सावलीत श्रीउगमनाथ महाराजांचा मठ होता. महाराज मूळचे कुठले, कोणत्या कुळातले, हे त्यांना कोणी विचारले नाही आणि आपण होऊन त्यांनी सांगितले नाही. पहाटे नदीवर स्नान करावे, श्वासाचा अभ्यास करावा आणि ऊन वर आले की मठाच्या मळ्यात कुदळ मारावी, असा त्यांचा क्रम असे. योग शिकायला त्यांच्याकडे लांबलांबून माणसे येत. महाराज कोणाला डोक्यावर उभे राहायला शिकवीत, कोणाला नुसते गप्प बसायला शिकवीत. त्यांतले दुसरे अवघड, असे ते हसत हसत म्हणत.

मठात चार दिवस राहून जाणारे पुष्कळ होते. पण कायमचे मठवासी व्हायचे असेल तर एक रीत होती. महाराजांच्या गुरूंनी ती घालून दिली होती. आषाढापासून मठात राहून पडेल ते काम करायचे आणि मार्गशीर्षात दत्तजयंतीच्या दिवशी सगळ्या मठवासीयांबरोबर एका बैठकीला बसायचे. सकाळच्या आरतीला बसायचे ते नैवेद्याचा शंख होईपर्यंत. मधे उठायचे नाही. सगळे खांद्याला खांदा लावून बसत, त्यामुळे कोणी नुसते हलले तरी शेजारच्याला कळे. शंख झाला की महाराज नव्या माणसाच्या शेजाऱ्याला आणि शंख फुंकणाऱ्या बाबाजी गुरवाला विचारीत, "उठला का?" ते दोघे सांगतील ते अखेरचे. जो उठला त्याला पोटभर प्रसाद वाढत, हातावर नारळ ठेवत आणि वेशीपर्यंत पोचवून येत. त्यात राग नसे, पण त्या माणसाला पुन्हा कधी बैठकीला बसता येत नसे.

त्या वर्षी बैठकीला बसणार होता म्हाळू कोष्टी.

म्हाळू पन्नाशी ओलांडलेला, शेजारच्याच गावचा. उभा जन्म हातमागावर गेलेला. आता हातमाग ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल, की मागाखाली खड्डा असतो आणि विणणारा त्या खड्ड्यात पाय सोडून बसतो. पोरवयापासून म्हाळू असा पाय सोडूनच बसलेला. जेवायलाही तो खड्ड्याच्याच कडेला बसे, बायको काशी ताट तिथे आणून देई. पुढे प्लेगात काशी गेली. मूलबाळ नव्हतेच. माग पुतण्याकडे गेला. पुतण्या भला होता, वेळेवर भाकरी घालत होता. पण त्या घरात आपण उगाच जागा अडवून बसलो आहोत, असे म्हाळूला वाटू लागले. एकदा मठात खादीचे ठाण पोचवायला म्हणून तो आला, महाराजांसमोर घटकाभर बसला आणि काशी गेल्यापासून छातीत जी घरघर चालली होती ती थांबली. दुसऱ्या दिवशी वळकटी घेऊन तो दारात उभा राहिला.

"महाराज, मला हितंच ऱ्हाऊ द्या."

"रहा की," महाराज म्हणाले. "रीत ठाऊक आहे ना?"

"ठावं हाय जी. पर माझं गुडघं वाकत न्हाईत. मांडीच पडत न्हाई."

"मांडी कोण मागतंय? कसाही बस. उठू नकोस, एवढंच."

महाराजांनी सांगितले तरी मठात त्र्यंबकबुवा होते ना! बुवा महाराजांचे जुने शिष्य. आसनांत त्यांचा हात धरणारा त्या मुलखात कोणी नव्हता, हे खरेच. पद्मासनात बसले की देवळातली मूर्ती वाटावी. श्वास कोंडून बसले की पाहणाऱ्याचा जीव कासावीस व्हावा, पण बुवांच्या कपाळावर आठी नाही. नव्या माणसांना आसने शिकवण्याचे काम महाराजांनी त्यांच्यावरच सोपवले होते. एवढी विद्या अंगी आली आणि तिच्याबरोबर थोडा ताठाही आला. थोडा म्हणतो, कारण पुढे जे घडले त्यानंतर त्यांच्याविषयी जास्त बोलवत नाही.

पहिल्याच दिवशी बुवांनी म्हाळूला मांडी घालायला लावली. उजवा पाय दाबून बसवला तर डावा सुटे, डावा बसवला तर उजवा. अखेर दोघांनी मिळून ते पाय कसेबसे अडकवले, तर ते सुटेनात! सुताची गाठ सोडवावी तसे तिघांनी मिळून म्हाळूला सोडवले. म्हाळूच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि बाकीच्यांच्याही येत होते. फक्त त्यांचे हसून.

"अरे, इथे काय मागाचा खड्डा खणून द्यायचा तुला?" बुवा म्हणाले. त्या दिवसापासून म्हाळूचे नाव 'खड्डेबुवा' पडले.

म्हाळूने नाव मुकाट्याने घेतले. तो मळा शिंपी, गोठा काढी, फाटकी आसने शिवून देई. बुवांचे आसनही त्यानेच शिवून दिले होते. सकाळच्या अभ्यासाला तो सर्वांत मागे, खांबाला टेकून, पाय लांब करून बसे. त्यावरही बुवांचे लक्ष गेलेच. एके दिवशी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "दत्तगुरूंकडे पाय करून बसणारा मठवासी मी तरी ऐकला नाही. महाराज दयाळू आहेत म्हणून आपण किती सैल सोडायचे?"

म्हाळूला तोवर हे सुचलेच नव्हते. तो इतका शरमला की तिथून सरकत सरकत खांबाकडे तोंड करून बसला. तेव्हापासून त्याची तीच जागा झाली. देव एका बाजूला, म्हाळूचे तोंड खांबाकडे. शेजारी हैबतीअप्पा म्हणून एक जुने मठवासी बसत. ते कधी कधी हळूच म्हणत, "म्हाळू, मनाला लावून घिऊ नगंस." म्हाळू मान हलवी. पण मनाला लागले होते. रात्री गुडघ्यांना तेल चोळताना तो त्या गुडघ्यांशी भांडे.

एवढी एक गोष्ट त्याला हवी होती. माग गेला, काशी गेली. दत्तजयंतीला शंख होईस्तोवर आपण बसून राहिलो तर मरेपर्यंत ही माणसे आपली; आणि उठलो तर परत पुतण्याच्या पडवीत. त्याला दुसरे काही दिसत नव्हते.

दत्तजयंती उजाडली. थंडी मी म्हणत होती. आरती झाली आणि मठवासी सभामंडपात ओळीने बसले. पुढे महाराज, अंगावर एक पंचा, डोळे मिटलेले. म्हाळू खांबाकडे तोंड करून, पाय लांब करून बसला. त्याच्या डाव्या खांद्याला हैबतीअप्पांचा खांदा लागला. बाबाजी गुरव शंख मांडीवर घेऊन समईपाशी बसला. ओळीवर नजर ठेवायचे काम त्याचे, म्हणून डोळे उघडे ठेवायची मुभा फक्त त्याला.

त्र्यंबकबुवा मात्र ओळीत नव्हते. मंडपामागे, नदीच्या अंगाला, मठाचे एक भुयार होते. महाराज पूर्वी तिथे एकांताला बसत. आदल्या दिवशीच बुवांनी जाहीर केले होते, "मी भुयारात बसेन. शंख होईपर्यंत कोणी दार उघडू नका. आतून काही आवाज आला तर घाबरू नका. समाधीत नाद उठतो, हे तुम्हां लोकांना ठाऊक असावे म्हणून सांगतो." महाराजांनी एवढेच विचारले, "थंडी वाजेल ना रे?" बुवा म्हणाले, "शेगडी नेतो." महाराज आणखी काही बोलले असते, पण बुवा तेवढ्यात वळलेही होते.

आता भुयार कसले, तर वीतभर झरोका आणि जाड फळ्यांचे दार. त्यात पेटते कोळसे आणि दार आतून लोटून घेतलेले. शहाणा माणूस गोठ्यातसुद्धा अशी शेगडी ठेवत नाही. पण बुवांचे सारे लक्ष श्वास किती वेळ कोंडून धरायचा इकडे. कोंडून झाल्यावर जो श्वास घ्यायचा तो कसला आहे, हे कोण बघतो!

मंडपात ऊन खांबाच्या मधोमध आले तेव्हा भिंतीपलीकडून तो आवाज आला. घर्र, मग थांबला, मग पुन्हा घर्र. ओळीत एक शहारा उठला. कोणीतरी पुटपुटले, "नाद उठला! बुवांची समाधी लागली!" बाबाजी गुरवाने डोळ्यांत पाणी आणून भिंतीकडे हात जोडले. माणसे डोळे मिटून अधिकच ताठ बसली. धन्य ती माणसे! एका भिंतीपलीकडे माणूस गुदमरत होता आणि अलीकडे सगळे कृतार्थ होत होते.

म्हाळूनेही प्रथम हात जोडले. मग त्याचे हात तसेच राहिले. हा आवाज त्याने ऐकला होता. काशीच्या उशाशी बसून त्याने तो सारी रात्र ऐकला होता, आणि तो थांबला तेव्हा काय झाले हेही पाहिले होते.

'समाधी असंल,' त्याने स्वतःला बजावले. 'बुवांनीच सांगितलं हाय. आपल्याला काय कळतंय त्यातलं?' तो बसून राहिला. आवाज आला. पुढचा यायला जास्त वेळ लागला. त्याने मान वळवून महाराजांकडे पाहिले. महाराजांचे डोळे मिटलेलेच. एखादी खूण करा, नुसता हात हलवा, असे तो मनातल्या मनात विनवत राहिला. महाराज हलले नाहीत. शंखाला आता फार वेळ नव्हता. मुदपाकखान्यातून नैवेद्याच्या पुरणाचा वास येऊ लागला होता. थोडे थांबले तर दोन्ही साधेल, असेही त्याच्या मनात येऊन गेले. तोही माणूसच होता. पण आवाज पुन्हा आला तो इतका बारीक, की म्हाळूला वाटले आता संपले.

"महाराज, मी उठतू," तो ओठांतल्या ओठांत म्हणाला. खांबाला धरून तो उभा राहिला. गुडघे असे कडाडले की साऱ्या मंडपाला ऐकू जावे. पण कोणी डोळे उघडले नाहीत. हैबतीअप्पा जागचे हलले नाहीत. बाबाजी गुरवाची नजर तर सरळ त्याच्यावरच होती, पण तोही काही बोलला नाही. एवढा का आपला तिरस्कार, असे वाटून म्हाळूला रडू फुटले. डोळे पुसत, लंगडत तो बाहेर पडला.

भुयाराचे दार त्याने खांद्याने ढकलले. आत शेगडीतल्या निखाऱ्यांची धग होती आणि बुवा एका कुशीवर पडले होते, मांडी अजून तशीच घातलेली! अडकलेली मांडी सोडवायला वेळ कुठला? म्हाळूने त्यांना काखेत धरून तसेच पायऱ्यांवरून वर ओढले आणि नदीच्या वाऱ्यात आणून आडवे केले. तोंडावर पाणी मारले, पंच्याने वारा घातला, छाती चोळली. मोठ्या वेळाने बुवांना ठसका लागला, ओकारी आली आणि त्यांनी डोळे उघडले.

"शंख झाला का?" हा त्यांचा पहिला शब्द.

"न्हाई जी. अजून न्हाई."

"मग तू इथे कसा?"

म्हाळू नुसता वारा घालत राहिला. बुवांनी भुयाराच्या उघड्या दाराकडे पाहिले, मग म्हाळूकडे, आणि काय झाले ते त्यांना कळले. कळले तरी तोंडातून काय निघावे?

"म्हाळू, कोणाला सांगू नकोस. लोक काय म्हणतील मला? शपथ घे महाराजांची."

"घेतली," म्हाळू म्हणाला. त्याला वाद घालायचे बळच राहिले नव्हते. बुवा भिंतीचा आधार घेत उठले आणि भुयाराच्या तोंडाशी जाऊन पद्मासनात बसले. म्हाळू ओसरीवर गेला. बैठक मोडली होती, मंडपात जाऊन करायचे काय? त्याने आपली वळकटी बांधली.

इकडे शंख झाला. साऱ्यांनी जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला. हार घेऊन मंडळी भुयाराकडे धावली, बुवांच्या गळ्यात हार पडला, जयजयकार झाला आणि त्यांना मिरवत मंडपात आणले. बुवा मान खाली घालून चालत होते. लोक म्हणाले, केवढा हा विनय!

तेवढ्यात म्हाळू वळकटी काखेत घेऊन आला आणि महाराजांच्या पायांवर डोके ठेवून म्हणाला, "यीतो मी, महाराज."

"कुठं निघालास?" महाराज म्हणाले. "अजून विचारायचं आहे." त्यांनी हैबतीअप्पांकडे पाहिले. "अप्पा, उठला का?"

"उठला?" हैबतीअप्पा म्हणाले. "महाराज, आरतीपासनं शंखापतुर त्याचा खांदा माझ्या खांद्याला हुता. भिंतीवानी घट्ट. माझीच पाठ दुखाय लागली तवा मी त्याच्यावर टेकलो बी. असा निवांतपणा वाटला, काय सांगू! शंख झाला, आमी डोस्की टेकली, वर बघतो तर ह्यो गेलेला. मला वाटलं, प्रसादाच्या पंगतीला पुढं पळाला!"

"बाबाजी, तू काय पाहिलंस?"

"माझं तर डोळं उघडं हुतं, महाराज. नादाचा आवाज आला तवा म्हाळूबानं तोंड फिरवलं. खांबाकडचं तोंड देवाकडं केलं, आन् मांडी घातली. पद्मासन! बुवांच्या वरताण! मला वाटलं, ह्याचं गुडघं दत्तगुरूंनी मोकळं केलं. वरडणार हुतो, पर बैठक मोडंल म्हणून गप बसलो."

सगळीकडून कौतुकाचे शब्द आले. म्हाळू मात्र पांढराफटक पडला.

"न्हाई वो," तो कळवळून म्हणाला. "खोटं कशाला बोलू? मी उठलो. मंडपाच्या भाईर गेलो. परत आलोच न्हाई."

"मग गेला होतास कुठं?" महाराजांनी विचारले.

म्हाळूने वळकटी छातीशी घट्ट धरली. "त्ये मला सांगता येत न्हाई," तो म्हणाला. "शपथ घातलीया. पर उठलो ह्ये खरं. मला नारळ द्या, महाराज, मी जातो." असे म्हणताना तो लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

आता श्रोतेहो, त्र्यंबकबुवांची गोष्ट पाहा. त्यांना तोंड उघडायचे कारणच नव्हते. दोघे साक्षीदार छातीवर हात ठेवून सांगत होते की म्हाळू जागचा हलला नाही. म्हाळू हलला नाही, म्हणजे भुयारात कोणी आले नाही. कोणी आले नाही, म्हणजे बुवांची समाधी खरी आणि गळ्यातला हारही खरा. गप्प बसले की सारे जिथल्या तिथे राहत होते, आणि रडणारा तो कोष्टीही मठात राहत होता. यात कोणाचे काय वाईट झाले असते?

पण बुवांच्या काखेत अजून दुखत होते. तिथे धरून ज्याने त्यांना वर ओढले तो समोर उभा होता. आणि त्याच वेळी तो इथे, देवाकडे तोंड करून, पद्मासनात बसला होता म्हणतात. मग इथे बसले होते ते कोण?

बुवांच्या अंगावर सरसरून काटा आला. त्यांनी हार काढून खाली ठेवला.

"तो माझ्याजवळ होता," ते म्हणाले. "म्हाळू माझ्याजवळ होता, महाराज. मला समाधी नव्हती लागली. शेगडीच्या धुराने मी गुदमरलो होतो. तुम्ही सगळे नाद नाद म्हणत होतात तेव्हा मी मरत होतो. याने मला उचलून बाहेर आणले. शपथ मी घातली. माझी अब्रू जाऊ नये म्हणून."

हैबतीअप्पांनी आपल्या खांद्यावर हात ठेवला आणि ते मटकन खाली बसले. "आरं देवा," ते म्हणाले, "मी कुणावर टेकलो हुतो रं?"

म्हाळूला सर्वांत शेवटी उमगले. तो खांबापाशी गेला. फाटक्या कडेचे त्याचे आसन तिथेच पडले होते. त्याने ते उचलले नाही, त्याला हातही लावला नाही. लांबूनच हात जोडून तो म्हणाला, "माझ्यापायी तुमाला बसावं लागलं. एवढ्या थंडीचं! आता ह्या जाग्यावर मी कसा बसू?"

"तूच बस," महाराज म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "तुझी जागा जाऊ नये म्हणून ते धरून बसले होते. तू नाही बसलास तर त्यांनी बसून उपयोग काय?"

बुवा पुढे आले. "महाराज, बैठक मी मोडली. नारळ मला द्या."

"तू कुठं उठलास?" महाराज म्हणाले. "तुला तर उचलून न्यावं लागलं. रीत उठणाऱ्याला आहे." एवढ्या वेळात प्रथमच ते हसले. "तू रहा. पण उद्यापासून ओळीत बस, या म्हाळूच्या शेजारी. तुला शेजाऱ्याचं ऐकायला शिकायचं आहे. तेवढं आलं की बाकीचं तुला येतंच."

म्हाळू आसनावर बसला. पाय लांब करून, जसा बसता येत होता तसा. यावेळी त्याला कोणी खांबाकडे तोंड करू दिले नाही. हैबतीअप्पांनी धरून त्याला देवाकडे वळवले. मग त्र्यंबकबुवा त्याच्यासमोर गेले, गुडघे टेकून बसले आणि त्या लांब केलेल्या पायांवर त्यांनी आपले डोके ठेवले. "अवो, ह्ये काय करताय, बुवा!" म्हणून म्हाळू पाय मागे घ्यायला धडपडू लागला. पण ते गुडघे काही पटकन वाकण्यातले नव्हते. त्यामुळे बुवांना हवा तेवढा वेळ तिथे डोके ठेवता आले.